पुढच्याचा जोड

२७ जुलै २०१८. एकशे पंच्याऐंशी रुपये. आषाढी पौर्णिमेच्या त्या दिवशी दत्तराव झरीहून बसने परभणीला गेले आणि तेवढ्या रुपयांना एक काळी चप्पल घेऊन आले. दुकानदाराने दोनशे वीस सांगितले होते. दत्तराव काही घासाघीस करणारे गडी नव्हते. ते नुसते गप्प उभे राहिले आणि दुकानदारच आपणहून खाली उतरत गेला. गप्प उभे राहण्याची ही सवय त्यांना सेलूच्या कापसाच्या जिनिंगने लावली होती. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत तोंडाने बोलून उपयोग नसे. उभी हयात त्यांनी हाताच्या खुणांवर काढली.

जिनिंगने त्यांना आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे खोकला. रुईचे बारीक तंतू वर्षानुवर्षे छातीत जात राहिले आणि तिथेच मुक्कामाला बसले. डॉक्टरने सांगून टाकले की आता याला सोबतीच समजा. बायको सुलाबाई होती तोवर ती उठून कोमट पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. ती गेली तेव्हा सेलूचे बिऱ्हाड मोडले आणि दत्तराव झरीला मुलाकडे आले. मुलगा धम्मानंद परभणीच्या एका शाळेत शिक्षक होता, बसने रोज जाऊन येऊन करायचा. सून मनिषा मायाळू होती. खायला-ल्यायला काही कमी नव्हते.

पण सुलाबाईचे एक बोलणे त्यांच्याबरोबर सेलूहून आले होते. ती म्हणायची, "तुमचं जिनिंग सुटलं की आपण दोघं झरीच्या विहारात जाऊन बसू. मागायचं काही न्हाई, बोलायचं न्हाई. चार माणसात नुसतं निवांत बसायचं." तिचे बसणे राहून गेले. आपले तरी राहू नये, एवढीच आता दत्तरावांची इच्छा उरली होती.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तिथून तीन महिने झरीच्या विहारात रोज संध्याकाळी माणसे जमतात. वंदना होते, मग योगीराज गुरुजी ग्रंथातले एक प्रकरण वाचतात आणि शेवटी थोडा वेळ सगळे डोळे मिटून शांत बसतात. त्या संध्याकाळी दत्तराव नवी चप्पल पायरीशी काढून आत गेले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. वंदना झाली, वाचन झाले. मग ती शांतता आली, जिच्यासाठी ते आले होते. ती आली मात्र, आणि छातीतला सोबती जागा झाला. त्यांनी उपरणे तोंडाशी धरले, श्वास कोंडला, तरी खोकला फुटलाच. कुणी मान वळवून पाहिले नाही. पण मिटलेल्या पापण्यांखाली सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे आले आहे, हे त्यांना पाठीला भिंत जाणवावी तसे जाणवले. ते उठून बाहेर आले आणि हापशापाशी जाऊन खोकत राहिले.

परत आले तेव्हा विहार रिकामा झाला होता. पायरीशी एकच जोड उरला होता, आणि तो त्यांचा नव्हता. काळाच, तेवढ्याच मापाचा, पण टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या, आणि एक अंगठा वेगळ्या चामड्याचा. कुणीतरी अंधारात पाय घालून निघून गेले होते. दत्तराव तो जुना जोड घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी जाऊन पायरीजवळच्या कट्ट्यावर बसले. आत का येत नाही असे कुणी विचारले की छातीवर हात ठेवत. मनात हेतू साधा होता, आपली चप्पल शोधायची. माणसे आत गेली, वंदनेचे सूर खिडकीतून बाहेर येऊ लागले. दत्तरावांनी खाली पाहिले तर तिथे नुसता ढीग होता. पावसाचे दिवस, काळी चिकट माती, एकावर एक पडलेल्या चपला, एकीचा जोडीदार इकडे तर दुसरीचा तिकडे. शोधायचे तर आधी जोड लावणे भाग होते. ते खाली बसले आणि एकेक जोड वेगळा करून ठेवू लागले. त्या दिवशी चिखलाने माखलेल्या काळ्या जोडांत आपली चप्पल त्यांना ओळखता आली नाही. मात्र सगळे जोड लागल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण ते आपसूक एका ओळीत मांडले आहेत, टाचा पायरीकडे आणि तोंडे बाहेर. बाहेर पडणाऱ्याने पाऊल टाकावे आणि ते थेट चपलेत जावे.

आणि झालेही तसेच. 'साधू, साधू, साधू' म्हणून माणसे बाहेर आली, बोलत बोलत पायरी उतरली, आणि प्रत्येकाचे पाऊल न चाचपता आपल्या जोडात शिरले. कुणाला काही कळलेही नाही. पाण्यात मासा सोडावा तसे ते होते. दत्तराव कट्ट्यावरून बघत राहिले आणि त्यांना उगाचच भरून आले.

का ते त्यांना घरी गेल्यावर कळले. सेलूच्या खोलीत रोज सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की ते घाईने उंबरा ओलांडायचे आणि त्यांचे पाय चपलेत जायचे. चपला कायम बाहेर तोंड करून असत. संध्याकाळी आपण त्या आत तोंड करूनच काढतो, मग सकाळी त्या फिरतात कशा, हा प्रश्न त्यांना सगळ्या हयातीत पडला नव्हता. सुलाबाई गेल्यानंतर पहिल्या सकाळी ते उंबऱ्याशी आले तेव्हा चपला भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तेव्हा ते रडले होते, पण कशाला रडतो आहोत हे त्यांना नीट सांगता आले नसते. आज सांगता आले असते. पण सांगणार कुणाला?

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते पायरीशी बसू लागले. तिथे खोकला आला तरी चालत असे. चतुराबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या जिभेला धार लावायची गरज नव्हती. तिने पायरी चढता चढता विचारले, "काय दत्तराव, जिनिंगमधून सुटले आन जोड्याच्या दुकानात लागले का?"

"दुकान न्हाई चतुराबाई. नुसतं गिऱ्हाईक हाय," दत्तराव म्हणाले, आणि बाया हसत आत गेल्या.

आठवड्याभरात त्यांची चप्पल सापडली. ती योगीराज गुरुजींच्या पायात होती. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ग्रंथ त्यांना जवळपास पाठच होता, म्हणून पान डोळ्यांपुढे धरून ते आठवणीने वाचत. पायरीवरून उतरताना ते चप्पल पायाने चाचपून घालायचे. दत्तरावांनी बोलायला घसा खाकरला, तेवढ्यात गुरुजींनीच आवाजाच्या दिशेने मान वळवून विचारले, "दत्तराव, खोकला कसा हाय आज?" सगळ्या विहारात हे विचारणारा तो पहिला माणूस होता. दत्तराव म्हणाले, "बरा हाय, गुरुजी." चपलेचे तोंडातच राहिले.

दुसऱ्या दिवशी ओळ मांडताना ती चप्पल हातात आली. एकशे पंच्याऐंशी रुपयांची, अजून नवी. पायात घातली असती तरी कुणी चोर म्हटले नसते. मग त्यांनी तिची माती काडीने काढली आणि ती ओळीत ठेवली, पायरीच्या अगदी जवळ, म्हणजे गुरुजींना चाचपावे लागू नये. पहिल्या दिवशी ते मनाला थोडे बोचले. दुसऱ्या दिवशी कमी. पुढे एक दिवस असा आला की ती चप्पल मांडून झाली आणि आपण काय मांडले हे त्यांना नंतर आठवले.

श्रावण गेला, भादवा आला. संध्याकाळी पाऊस उघडला की विहाराच्या मागच्या पिंपळावर पिवळसर उजेड पसरे आणि पानावरून थेंब गळत राहत. खिडकीतून वंदनेची लय यायची आणि दत्तरावांचे हात तिच्याबरोबर चालायचे. एक जोड उचलायचा, जुळवायचा, फिरवायचा. त्यांना पाली येत नव्हती, पण शेवटचे 'भवतु सब्ब मंगलं' येत होते. जोड खाली ठेवताना ते तेवढेच मनात म्हणत. सगळे झाल्यावर कट्ट्यावर बसून बघत. पाणवठ्यावर वासरे रांगेने उभी असावीत तशा त्या चपला दिसत. उजेड कमी होत गेला की वाटे, या चपला रिकाम्या नाहीतच. यांत माणसे उभी आहेत, दिसत नाहीत एवढेच. शाळकरी पाय, नांगरामागून आलेले पाय, बाळंतिणीचे जपून पडणारे पाय. आणि कधी कधी ओळीच्या टोकाला, जिथे कुणाचाच जोड नसे, तिथे त्यांना सुलाबाईचे दोन पाय दिसत. टाचांना भेगा, अंगठ्याशेजारी जोडवे. ती काही बोलत नसे. तिनेच म्हटले होते ना, बोलायचं न्हाई म्हणून.

एवढे होते तरी एक खंत राहिलीच. आतली शांतता आतच होती. भिंतीपलीकडे माणसे तिच्यात बसत आणि ते भिंतीच्या अलीकडे. सुलाबाईचे बोलणे पायरीपर्यंत आले होते, उंबरा ओलांडत नव्हते.

अशात कुणी हौशी पोराने त्यांचा जोड मांडतानाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'निःस्वार्थ सेवा'. तो फोटो फिरत फिरत धम्मानंदच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत पोचला. तिथे कुणीतरी हसून काही बोलले. काय बोलले ते धम्मानंदने घरी कधीच सांगितले नाही. तो आला, हातपाय न धुताच बापासमोर बसला.

"बाबा, तुमी हे काय करायलाव?"

दत्तराव म्हणाले की काही नाही, बसल्या बसल्या हाताला काम.

"हेच काम सापडलं का? तुमच्या आज्याला गढीसमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. पाटलाचे जोडे उचलून माडीवर न्यावे लागायचे. ही गोष्ट मला कुणी सांगितली? तुमीच सांगितली. मी लहान असताना, शंभर वेळा. त्यातून बाहेर पडायला आपल्या माणसानं काय काय सोसलं. आन आता तुमी आपल्या पायानं जाऊन तेच हातात घ्यायलाव?"

"आज्याला उचलायला लावलं होतं, धम्मा. मला कुणी लावलं?"

"बघणाऱ्याला ते कळत न्हाई, बाबा. त्याला नुसता जोडा दिसतो आन हात दिसतो."

धम्मानंदचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दत्तरावांना बरे वाटले असते. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते रागाचे नव्हते. आज्याची गोष्ट आपणच त्याच्या काळजात पेरली आणि ती नीट उगवली, हे त्यांना दिसले. पोराचे काही चुकत नव्हते. ते म्हणाले, "बरं. न्हाई करत." आणि दुसऱ्या दिवसापासून विहाराकडे गेलेच नाहीत.

संध्याकाळ झाली की ते अंगणात बाजेवर बसत. वंदनेचे सूर तिथवर ऐकू येत नसत, पण वेळ कळे. हात मांडीवर पडल्या पडल्या हलत, काहीतरी जुळवत. मनिषा भाकरी थापता थापता ते पाहायची. एकदा ती नुसती म्हणाली, "मामा, विहारात परत ढीग पडायलाय बरं का," आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

आश्विनात एका दुपारी चतुराबाई दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटले तर येईना. तिची तक्रार होती की दत्तरावांनी तिच्या पायांना आदत लावली आणि मग पळून गेले. आता विहारातून बाहेर आले की पाय हवेत चाचपडतात, परवा तर पडता पडता वाचली. मग तिनेच एक गोष्ट सुरू केली होती. आपण पायरीशी पोचलो की आपल्या पुढे जो आत गेला असेल त्याचा जोड फिरवून नीट ठेवायचा, आणि मगच आत जायचे. आपला जोड मागून येणारा फिरवील. दुसऱ्या दिवशी मनिषाने केले, तिच्या मागच्या बाईने केले. बघता बघता गड्यांनीही धरले. आठ दिवसांत ओळ पुन्हा लागू लागली.

"धम्मानंद काही म्हणला न्हाई?" दत्तरावांनी विचारले.

"म्हणला तर. जोड्याला हात लावायची काही गरज न्हाई म्हणला. मी म्हणलं, मास्तर, एकानं सगळ्याचे जोडे उचलले तर ती चाकरी. सगळ्यानं एकेकाचा उचलला तर त्यात चाकर कोण ते दाखवा." चतुराबाईने पदर खोचला. "आज या. तुमच्यामुळं आमी कामाला लागलो आन तुमी बाजेवर लोळायलाव."

दत्तराव संध्याकाळी निघाले. मनिषा पुढे गेली होती. धम्मानंद अजून परभणीहून यायचा होता. ते पायरीशी पोचले तेव्हा त्यांच्या आधी आलेल्याचा जोड आत तोंड करून पडला होता. तो होता गुरुजींचा, म्हणजे खरे तर त्यांचाच. मुलाला दिलेला शब्द त्यांना आठवला. पण एकच जोड, आणि ते सगळेच करत होते. त्यांनी वाकून तो फिरवला. मग अंगावरचे उपरणे सावरून उंबरा ओलांडला आणि आपल्या जुन्या जागी, भिंतीला टेकून बसले. वंदना सुरू झालीच होती. त्यांनी डोळे मिटले.

वंदना झाली. गुरुजींचे वाचन झाले. मग शांतता आली. दत्तराव तिची वाट बघत होते, आणि छातीतला सोबतीही. खोकला फुटला. ते उठले, पायांचा आवाज न करता बाहेर आले आणि हापशापाशी जाऊन मोकळे झाले. पिंपळाखाली अंधार जमत होता. ओळ पायरीखाली नीट लागली होती, सगळी तोंडे बाहेर. फक्त शेवटचा एक जोड वाकडा होता, आत तोंड करून. सगळ्यांत शेवटी आलेल्याचा, कारण त्याच्यामागे फिरवणारा कुणी आलाच नव्हता. ते शाळेत घालायचे बूट होते. धम्मानंदचे.

दत्तराव तिथेच थबकले. मग त्यांची नजर बुटांच्या शेजारी गेली. तिथे त्यांचा स्वतःचा जोड होता, गुरुजींचा जुना, एका अंगठ्याला वेगळे चामडे असलेला. त्यांनी काढला तेव्हा त्याचे तोंड आत होते. आता ते बाहेर होते. आपल्यामागून कोण आले असेल, हे त्यांनी त्या ओळीत दोन दोनदा पाहिले. त्यांच्यामागे एकच माणूस आला होता.

सेलूच्या खोलीतला उंबरा त्यांना दिसला. भोंगा व्हायच्या आधीची सकाळ, वाकलेली सुलाबाई, हातातल्या बांगड्यांचा न होणारा आवाज. मग ते वाकले. मुलाचे बूट त्यांनी उचलले, जुळवले, फिरवले आणि आपल्या जोडाशेजारी ठेवले. 'भवतु सब्ब मंगलं' म्हणायचे राहूनच गेले.

आत अजून सगळे डोळे मिटून बसले होते. आजवर खोकून बाहेर आल्यावर दत्तराव कधी परत आत गेले नव्हते. आज गेले. भिंतीपाशी त्यांच्या जागेच्या बाजूला धम्मानंद सरकून येऊन बसला होता. त्याने डोळे उघडले नाहीत, फक्त गुडघा जरा आवरून घेतला. दत्तराव त्या जागेत बसले. खोकला पुन्हा एकदा आला, थोडा, आणि सगळ्या माणसांच्या मधून निघून गेला. तो शांततेच्या आड आला नाही. कुणाचे लक्ष गेले की नाही, हे या वेळी त्यांना जाणवले नाही. ते सुलाबाईला घेऊन चार माणसांत निवांत बसले होते.

पुढे माघात गुरुजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटल्यावर विहाराच्या पायरीवर त्यांनी आधी पिंपळ पाहिला, मग माणसे पाहिली आणि मग आपल्या पायांकडे पाहिले. दत्तरावांच्या पायांकडेही पाहिले. वेगळ्या चामड्याचा अंगठा त्यांनी स्वतःच लावून घेतला होता. म्हातारा माणूस लाजेने अर्धा झाला. किंमत विचारली, नको नको म्हटले तरी ऐकेनात. खिशात होती ती शंभराची नोट त्यांनी दत्तरावांच्या हातात कोंबली आणि उरलेले पुढच्या रविवारी देतो म्हणाले.

पंच्याऐंशी रुपये गुरुजींकडून अजून यायचे आहेत.